रिपोर्ट पास, कापड नापास

परत आलेल्या कापडाच्या तुकड्यासोबत तक्रार एकाच ओळीची होती: 'लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते.' सूत आमच्या गिरणीचं: ३० काउंटचं (काउंट म्हणजे बारीकपणाचं माप), कोंब्ड (आखूड तंतू विंचरून काढलेलं), बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यात वापरलेलं. लॉटचा रिपोर्ट काढला, तर बोट ठेवायला जागा नाही: यू टक्के (जाडीतल्या चढउताराचं माप) १०.०, थिन (बारीक जागा) १, थिक (जाड जागा) २४, नेप (तंतूंच्या बारीक गाठी) ४७.

रिपोर्ट खोटा नव्हता. थिन-थिक मोजताना यंत्र सरासरी जाडीच्या ५० टक्के खाली किंवा वर गेलेल्या जागाच धरतं, नेपसाठी मर्यादा २०० टक्के. जाडी ठरावीक अंतराने ५ टक्के वर-खाली होत असेल, तर आकड्यांत जवळजवळ काही उमटत नाही. यू टक्क्यातही ती बुडते, कारण सीव्ही (त्याच चढउताराचं दुसरं माप, यूच्या साधारण सव्वापट) वर्ग करून मिळवले जातात. सुताचा स्वतःचा सीव्ही १२.५, त्यात या लाटेचा ३.५, बेरीज जेमतेम १३. म्हणजे यू १०.० वरून १०.४. एवढा फरक दोन चांगल्या कॉपमध्येही (कॉप म्हणजे एका चातीवर गुंडाळलेली सुताची गुंडी) पडतो.

तुकडा टेबलावर पसरून फूटपट्टी लावली. नक्षी सलग नव्हती. लांबीत साधारण ६० सेंटीमीटर चालून एकदम थांबत होती. ५० ग्रॅमच्या कॉपवर हे सूत अंदाजे अडीच किलोमीटर असतं. मागावर एका बाण्याला १५९ सेंटीमीटर सूत जातं, म्हणजे सुमारे १,६०० बाणे. सेंटीमीटरला २६ बाण्यांनी हिशेब ६१-६२ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे जवळपास तेवढाच. एक कॉप, म्हणजे सूत कातणाऱ्या फ्रेमवरची एकच चाती. कार्डिंग किंवा ड्रॉफ्रेमचा (कताईआधीच्या टप्प्यांचा) दोष असा एका कॉपपुरता येऊन संपत नाही.

१५३ सेंटीमीटर पन्ह्यात पट्टे १८, म्हणजे अंतर ८.५ सेंटीमीटर. इथेच फसायला होतं. तंतू ओढणाऱ्या रोलरांच्या पुढच्या जोडीतल्या २७ मिलिमीटर व्यासाच्या बॉटम (खालच्या) रोलरचा घेर ८.४८ येतो आणि हात आपोआप तिकडे वळतो. पण कापडातला बाणा नागमोडी असतो. उसवून सरळ केल्यावर तो ४ टक्के जास्त भरला, म्हणून खरी लाट ८.८४. शिवाय पिळामुळे सूत ३ टक्क्यांच्या आसपास आखडतं, ते परत मिळवलं की रोलरजवळ ९.१. हा घेर २९ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ग्राइंडिंगमध्ये घासलेल्या कॉटच्या (रबरी आवरणाच्या) टॉप म्हणजे वरच्या रोलरचा. (१८ गुणिले ८.८४ म्हणजे १५९.१. लाट बाण्याच्या लांबीत जवळजवळ पूर्ण बसल्यामुळे जाडीवर जाडी येत गेली. पन्हा ४ सेंटीमीटर वेगळा असता, तर हेच सूत गुपचूप खपलं असतं.)

फ्रेमच्या सगळ्या चात्यांचं सूत यंत्रावर चालवायचं तर आठवडा जाईल. त्याऐवजी अलीकडेच ग्राइंडिंग झालेले टॉप रोलर उतरवले आणि व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावलं. बहुतेक फिरताना ०.०२ मिलिमीटरच्या आतच वर-खाली होत होते. पाच मात्र ०.१० च्या पुढे, त्या सगळ्यांच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा. हलत्या बेअरिंगवर कॉट ग्राइंड केला की तो गोल दिसतो, पण मध्य सरकलेला असतो. असा रोलर फिरताना दाबाची रेषा दर फेऱ्याला पुढे-मागे होते, तंतू कधी लवकर तर कधी उशिरा उचलले जातात, आणि ड्राफ्ट (तंतूंची ओढ) तेवढ्यापुरता वाढतो-घटतो.

खात्रीसाठी त्यातला एक रोलर शेजारच्या चांगल्या आर्मवर (टॉप रोलर धरणाऱ्या दांड्यावर) लावला. नव्या चातीच्या सुताच्या स्पेक्ट्रोग्रामवर (दोष किती अंतराने परत येतो ते दाखवणाऱ्या आलेखावर) ९ सेंटीमीटरच्या आसपास चिमणीसारखा खांब उभा राहिला, जुन्या चातीचा गेला. नुसत्या स्पेक्ट्रोग्रामवर ८.५ की ९ हे ठरवू नये. खांब रुंद असतात. रोलर बदलून पाहणं हाच पक्का पुरावा.

मग आधी हे का सुटलं? नेहमीच्या तपासणीत हजारावर चात्यांतून दहा कॉप घेतात आणि दहांचा सरासरी आलेख छापतात. एका टॉप रोलरवर दोन चात्या, तेव्हा पाच वाईट रोलर म्हणजे दहा चात्या. त्यातली एखादी नमुन्यात आलीच, तरी तिचा खांब बाकीच्या नवांत विरतो. आता प्रत्येक कॉपचा आलेख वेगळा छापतो. वाइंडिंगच्या क्लिअररमधला (सुतातले दोष पकडणाऱ्या उपकरणातला) आवर्ती दोषाचा अलार्मही चालू केला. सूत फार तुटतं म्हणून तो कोणीतरी बंद ठेवला होता.

रोलर बदलल्यावर त्याच चातीचं सूत पुन्हा मोजलं. यू १०.४ वरून १०.०, खांब नाही. थिक आधी २५, नंतर २४.