प्लेटलेटवर थ्रॉम्बिनची कात्री

रक्त गोठवणारं एन्झाइम थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रोटीनचं फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, करतं, हे पाठ असतं. प्लेटलेट, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या छोट्या पेशी, चेतवण्याचं त्याचं काम मात्र दोन ओळींत उरकलं जातं. खरं तर इतका जहाल चेतक प्लेटलेटला दुसरा नाही.

एडीपीसारखे (हा प्लेटलेटमधूनही सुटणारा छोटा रेणू) चेतक रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतात आणि सुटतात. थ्रॉम्बिन पडलं प्रोटीन कापणारं एन्झाइम, ते रिसेप्टरच कापतं. माणसाच्या प्लेटलेटवर असे कापल्यावर चेतणारे रिसेप्टर दोन: पार-१ आणि पार-४. पार-१ च्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटीत ४१व्या जागेवरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लानंतर काप बसतो आणि उघडं पडलेलं नवं टोक वळून त्याच रिसेप्टरच्या खाचेत शिरतं. किल्ली कुलपालाच बांधलेली होती, वरचं झाकण तेवढं उडालं. १९९१ साली हे समोर आलं. कापलेली शेपटी परत जुळत नाही, म्हणून प्रत्येक रिसेप्टर एकदाच कामाला येतो. पार-१ थ्रॉम्बिनला घट्ट धरतो, त्याला थोडकं पुरतं. पार-४ ला जास्त लागतं, पण त्याचा संदेश जास्त वेळ टिकतो.

मग आत कॅल्शियम वाढतं, चकतीसारखी प्लेटलेट गोल होऊन तिला पाय फुटतात, आतल्या साठवणीच्या कणिकांतून एडीपी बाहेर पडतं. ॲस्पिरिन फक्त थ्रॉम्बॉक्सेन या दुसऱ्या चेतकाची वाट अडवतं, त्यामुळे थ्रॉम्बिन भरपूर असेल तर ॲस्पिरिन घेणाऱ्याच्या प्लेटलेटही एकमेकींना चिकटतात.

ॲग्रिगोमीटरवर (प्लेटलेट एकमेकींना किती चिकटतात ते मोजणारं यंत्र) नवख्यांची हमखास चूक म्हणजे प्लेटलेटयुक्त प्लाझ्मात थेट थ्रॉम्बिन घालणं. फायब्रिनची गुठळी होते, ढवळणी अडकते आणि आलेख वाचण्याच्या लायकीचा राहत नाही. त्याऐवजी त्या नव्या टोकाची नक्कल असलेलं सहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड वापरावं. ते कापत नाही, सरळ पार-१ चेतवतं. उंदराच्या प्लेटलेटवर त्याचा उपयोग नाही, तिथे पार-१ नसतोच.

थ्रॉम्बिनच हवं असेल तर धुतलेल्या, म्हणजे प्लाझ्मा काढून टाकलेल्या, प्लेटलेट घ्या आणि मिलिलिटरला ०.१ ते १ युनिटदरम्यान मात्रा चढवत न्या. धुताना प्लेटलेट शांत ठेवायला घातलेलं प्रोस्टाग्लँडिन उरलं तर प्रतिसाद मरगळलेला येतो, आणि दोष उगाच थ्रॉम्बिनच्या बाटलीवर जातो. रक्त गोठू न देणाऱ्या ३.२ टक्के सायट्रेटमध्ये, रक्ताच्या ९ भागांस सायट्रेटचा १ भाग, घ्यावं. फ्रीजमध्ये ठेवू नये, थंडीनेच प्लेटलेट आकार बदलतात. चाचणी ३७ अंशांवर, रक्त घेतल्यापासून ४ तासांत उरकावी. ढवळणी चालू आहे ना, हे आधी पाहावं: ती बंद असेल तर प्लेटलेट गोल होतात, पण एकमेकींना भेटतच नाहीत.