चलन आलं तर पैसे परत

मागच्या महिन्यात एका टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरने माझ्या काउंटरवर स्प्रेची बाटली ठेवली आणि शेजारी मोबाईल. मोबाईलवर तीन ई-चलनं. तिन्ही एक्स्प्रेसवेची, तिन्ही वेगाची, प्रत्येकी २,००० रुपयांची. बाटली मीच त्याला विकली होती, ९०० रुपयांना.

चिंचवडला माझं गाडीच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, फॉग लॅम्प, हॉर्न. जानेवारीत एक एजंट या बाटल्यांचा १२ चा बॉक्स ठेवून गेला. विकला तर पैसे द्या, नाहीतर माल परत. नंबरप्लेटवर दोन हात मारायचे, कॅमेऱ्यात नंबर उमटणार नाही, आणि चलन आलंच तर पूर्ण पैसे परत. मी विचारलं, खरंच चालतं का? तो म्हणाला, "शेठ, कंपनी पैसे परत द्यायला तयार आहे, म्हणजे चालत असणारच ना."

हे मला पटलं आणि मी बॉक्स ठेवून घेतला. चार बाटल्या विकल्या.

ड्रायव्हर गेल्यावर मी बॉक्समधलं गॅरंटी कार्ड पहिल्यांदा नीट वाचलं. दाव्याची मुदत खरेदीपासून ३० दिवस. मूळ बिल हवं, चलनाची प्रत हवी, स्प्रे मारण्याआधीचा आणि नंतरचा प्लेटचा फोटो हवा. गाडी प्रेशर वॉशने धुतली तर गॅरंटी लागू नाही. आता टुरिस्टची गाडी रोज धुतली जाते. चलनाचा मेसेज जातो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाईलवर, म्हणजे मालकाला. ड्रायव्हरला कळतं ते महिनाअखेर पगारातून पैसे कापले जातात तेव्हा. ३० दिवस कधीच उलटून गेलेले असतात. आणि एवढं सगळं करून मिळणार ९०० रुपये. चलनं ६,००० ची.

ते कार्ड हातात असताना मला आजोळचा वैदू आठवला. आजी सांगायची, तिच्या तरुणपणी तो गावोगाव फिरून मुलगा होण्याचं औषध द्यायचा. मुलगी झाली तर पैसे परत. आणि मुलगी झाली की तो खरोखर पैसे परत करायचा, म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, माणूस शब्दाचा पक्का. औषधात राख होती की ज्येष्ठमध, कुणी विचारलं नाही. निम्म्या घरात मुलगा होणारच होता, तिथले पैसे त्याचे.

स्प्रेचं तर त्याहून सोपं आहे. बहुतेक माणसांना कुठल्याही एका महिन्यात वेगाचं चलन येतच नाही, बाटली घ्या नाहीतर न घ्या. चलन आलं नाही की माणूस म्हणतो, चालतंय की! १०० जणांनी घेतली तर ९०,००० रुपये झाले. त्यातल्या दहांना चलन आलं आणि दहाही जणांनी भांडून पैसे परत मिळवले, तरी ८१,००० उरतात. बाटलीत नुसतं पाणी असलं तरी हा हिशोब बदलत नाही. अमेरिकेत पोलिसांच्या रडारला चकवणाऱ्या डब्या अशाच विकल्या गेल्या, वर्षभरात दंड झाला तर आम्ही भरू म्हणून.

तरी मी तपासून बघितलं. रात्री शटर अर्धं ओढलं, माझ्या स्कूटरच्या मागच्या प्लेटच्या अर्ध्या भागावर मास्किंग टेप लावली, उरलेल्यावर दोन हात मारले. वाळल्यावर टेप काढली, दहा पावलं मागे जाऊन मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढले. दोन्ही भाग सारखेच. नंबर स्वच्छ. झूम केलं तर प्लेटच्या फिल्ममधली तिरकी इंडियाची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मग पेट्रोलच्या फडक्याने पुसून टाकलं.

म्हणे स्प्रेच्या चकाकीने फ्लॅश उलटा फिरतो आणि नंबर पांढरा पडतो. अहो, एचएसआरपी म्हणजे सरकारने सक्तीच्या केलेल्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची फिल्म मुळातच उजेड आला तिकडेच परत पाठवणारी असते, रात्री नंबर दिसावा म्हणूनच ती बसवलेली असते. नंबर वाचणारे कॅमेरे याच उजेडाच्या हिशोबाने लावलेले असतात, बहुधा इन्फ्रारेडवर. वरून थोडं वार्निश मारून काय होणार?

शिवाय एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून सरासरी वेगही मोजतात. एका कमानीखाली नंबर टिपला, पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपला, मधलं अंतर भागिले वेळ. १० किलोमीटर ६ मिनिटांत म्हणजे १००, ५ मिनिटांत म्हणजे १२०. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारूनही उपयोग नाही.

ग्राहक आयोगात जावं म्हटलं, तर काय सांगणार? मी नंबर लपवायला स्प्रे घेतला आणि तो लपला नाही? प्लेट वाचता येऊ नये असं करणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि बेकायदा कामाचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार मुळातच रद्दबातल. हे ती गॅरंटी लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक असणार.

पैशाचं एक वेळ सोडा. तो ड्रायव्हर मला म्हणाला, "शेठ, स्प्रे मारला होता म्हणून जरा पाय दाबला." तीनपैकी एक चलन बोरघाटातलं आहे, जिथे कारला ६० ची मर्यादा. त्या दिवशी गाडीत सहा पॅसेंजर होते, त्यात दोन पोरं. हे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

त्याला ९०० रुपये परत दिले. एजंटचा फोन बंद येतो. उरलेल्या आठ बाटल्या गल्ल्याखाली ठेवल्यात, विकणार नाही. बाकी दोन गिऱ्हाइकांना फोन करून बोलावलं, त्यांचेही पैसे दिले. चौथा राहिलाय. जानेवारीच्या शेवटी संध्याकाळी आला होता, पांढरी स्विफ्ट, रोख पैसे दिले, नाव घ्यायचं राहून गेलं. सोबत मागच्या सीटसाठी निळी मॅट घेतली होती. दादा, हे वाचत असाल तर दुकानात या. बिल नको, फोटो नको, बाटली रिकामी झाली असली तरी चालेल.