शॅम्प्लेन तळ्यावर सहा दिवस: जाण्याआधी परतीचा वारा मोजा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बॉस्टनहून ट्रेलर ओढत व्हरमाँटला गेलो आणि शेलबर्न बेमध्ये होडी पाण्यात सोडली. मी आणि माझा मेहुणा, दोघंच. होडी शिडाची, कॅटॅलिना २२: साडेएकवीस फूट लांब, कील (तळाखालचं जड पातं) वर घेतली की दोन फूट पाण्यातही तरंगते.

शॅम्प्लेन तळं साधारण १९० किलोमीटर लांब, पण रुंदी जास्तीत जास्त १९ किलोमीटर, आणि ते दक्षिणोत्तर पसरलेलं आहे. उन्हाळ्यात वाराही बहुतेक दक्षिणेचाच. म्हणजे उत्तरेला जाणं सुखाचं आणि परत येताना वारा थेट तोंडावर. नकाशावर बोटाने अंतर मोजून दिवस ठरवले तर इथेच फसायला होतं. आम्ही आधी परतीचे दिवस आखले आणि उरलेल्यात जाणं बसवलं. जायला दोन दिवस, यायला तीन, एक दिवस हातचा.

पहिल्या दिवशी व्हॅल्कुर बेट, १५ सागरी मैल. पाठीवर १२ नॉट (तासाला १२ सागरी मैल) वारा होता, चार तासांत पोचलो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ११ ऑक्टोबर १७७६ला, याच बेटाच्या आड अमेरिकन गलबतं लपली होती. उत्तरेच्या वाऱ्यावर आलेलं ब्रिटिश आरमार पुढे निघून गेलं आणि मग त्याच वाऱ्याविरुद्ध मागे फिरून त्याला लढावं लागलं. हे वाचलेलं होतं, पण बेट आणि किनारा यांच्यामधल्या त्या सामुद्रधुनीत शीड सोडून उभं राहिल्यावर कळलं.

त्या रात्री आमचा नांगर सुटला. पहाटे तीनच्या सुमारास मेहुण्याने हलवून उठवलं: “दाजी, झाडं लांब चाललीत!” वारा वायव्येला फिरला होता आणि नांगराच्या पात्यांवर पाणगवताचा भारा बसला होता, त्यामुळे तो तळात रुतलाच नव्हता. दोर मी खोलीच्या पाचपटच सोडला होता, ती चूक माझी. यापुढे सातपट, आणि खोली मोजताना पाण्यापासून होडीच्या नाळेपर्यंतची (पुढच्या टोकापर्यंतची) उंचीही धरायची. तीन मीटर पाणी आणि एक मीटर नाळ म्हणजे २८ मीटर दोर. नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून तो ओढून बघा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा. कोकणातल्या माणसाला इथे भरती-ओहोटीचा हिशोब नाही म्हणून हायसं वाटतं, पण रात्री फिरणारा वारा तेवढीच झोप खातो.

दुसऱ्या दिवशी ग्रँड आइल आणि नॉर्थ हीरो या बेटांमधल्या ‘गट’ (Gut) नावाच्या अरुंद वाटेतून आतल्या पाण्यात शिरलो. तिथला पूल डोलकाठीसाठी उचलतात, पण ठरलेल्या वेळीच. त्या वेळा आधी पाहून ठेवा आणि दहा मिनिटं अगोदर पोचा. त्याच्या अलीकडे, कंबरलँड हेडजवळ, फेरी बोटी सतत आडव्या जातात. त्यांच्या पुढून जायचं धाडस करू नका.

बर्टन आयलंडवर दोन रात्री राहिलो. हे स्टेट पार्क बेटावरच आहे, होडीशिवाय पोचता येत नाही. धक्क्यावरची जागा आधी राखून ठेवा. हातचा दिवस इथे कामी आला. नॅशनल वेदर सर्व्हिस या तळ्यासाठी वेगळा अंदाज देते, त्यात लाटांची उंचीही असते. तीन ते चार फूट वाचलं आणि जागचे हललो नाही. गोड्या पाण्यातली चार फुटी लाट आखूड आणि उभी असते, बावीस फुटी होडीला ती थांबवूनच ठेवते.

परतीला व्हॅल्कुर, मग स्कायलर बेटाच्या उत्तरेकडचा आडोसा, मग शेलबर्न. रोज पहाटे साडेपाचला नांगर उचलला, कारण दुपारी वारा चढतो. वाऱ्याविरुद्ध नागमोडी आडवे टप्पे घेत सरळ रेषेतली गती जेमतेम अडीच नॉट पडली. शेवटच्या दिवशी अकरालाच शीड रीफ करून लहान केलं. करावं का असा विचार मनात आला की त्याच क्षणी करा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. माणशी रोज चार लिटर पाणी बरोबर घ्या. उथळ खाड्यांमध्ये उन्हाळ्यात विषारी हिरवी साय धरते आणि ते पाणी उकळूनही पिण्याजोगं होत नाही. भाजणी, मेतकूट आणि तांदूळ यांवर आमचं उत्तम भागलं. शौचालय बंद टाकीचंच हवं. या तळ्यात मैला सोडायला पूर्ण बंदी आहे, प्रक्रिया केलेलासुद्धा. घरी निघण्याआधी होडी आणि ट्रेलर धुऊन, निथळून, वाळवा. झेब्रा शिंपले असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

तळ्याचं उत्तर टोक कॅनडात आहे. पाण्यावर रेघ दिसत नाही. व्हिसावर असाल तर सीमेलगतच्या राउझेस पॉइंटच्या बऱ्याच अलीकडूनच मागे वळा.

रोज मुक्कामाच्या दोन जागा ठरवा, एक दक्षिणेच्या वाऱ्याला आडोशाची आणि एक उत्तरेच्या. आमच्या वहीत पाच रात्रींसाठी दहा नावं होती, त्यांतली चार वापरली.