पातळ पुस्तकं आधी न्या

गेल्या शनिवारी आमच्या वाचनालयात नवीन पुस्तकांचा खोका फोडला आणि यावेळी पहिल्यांदाच त्यात निम्म्याहून जास्त चित्रपुस्तकं निघाली, म्हणजे अगदी अडीच-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतच्या पोरांची, पातळ, मोठ्या आकाराची, पानभर चित्र आणि खाली दोनच ओळी अशी. मी दर शनिवारी चार ते सहा बाल विभागात बसते हे इथं नेहमी वाचणाऱ्यांना माहितीय. तर ती पुस्तकं मी सतरंजीवर पसरून ठेवली आणि पोरं अशी तुटून पडली की विचारू नका. पण घरी न्यायची वेळ आली तेव्हा आई-बाबांनी परत तीच जाडी 'शंभर बोधकथा' टाईपची पुस्तकं उचलली. कारण एका कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळतं, आणि चोवीस पानांचं पुस्तक तर घरी पोचायच्या आधी संपेल, मग आठवडाभर काय, असं सगळ्यांचं म्हणणं.

म्हणून ही पोस्ट. पातळ पुस्तक घेऊन जा हो. ते आठवडाभर संपत नाही, उलट जाडं पुस्तकच दोन दिवसांत टीव्हीखाली जाऊन पडतं, हे मी इतक्या घरांत बघितलंय.

लहान पोरगं चित्रपुस्तक एकदा वाचून ठेवतच नाही ना. "परत" म्हणतं. मग "परत" म्हणतं. तुम्ही कंटाळून एखादी ओळ गाळली की लगेच पकडतं, वाचता येत नसूनही. त्या चोवीस पानांत त्याचा आठवडा आरामात जातो. आणि प्रत्येक वेळी ते तेच पुस्तक वाचत नसतं, पहिल्यांदा गोष्ट ऐकतं, दुसऱ्यांदा कोपऱ्यातलं मांजर बघतं, चौथ्यांदा ते मांजर मागच्या पानावर पण होतं का ते उलटं जाऊन शोधतं. हे सगळं वाचनच आहे.

आता कुठली न्यायची ते सांगते. यातली काही बाजारात तशी जुनीच आहेत पण आमच्याकडे नव्यानं आलीत, आणि तुमच्या पोराच्या हातात पहिल्यांदा पडणार म्हणजे त्याच्यासाठी नवीनच.

माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरू करा, डोळे झाकून. गोष्ट पण त्यांचीच आणि चित्रं पण त्यांचीच, बरीचशी ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आहेत. 'राधाचं घर' हा संच अगदी लहानांसाठी, राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, बास, एवढंच. राक्षस नाही, राजपुत्र नाही. पण तीन वर्षांच्या पोराचं जग तेवढंच असतं ना, घर आणि घरातली माणसं, आणि ते पुस्तकात छापलेलं बघून त्याला इतका आनंद होतो की "आपल्याकडं पण आहे अस्सं" हे वाक्य मी शनिवारी दहा वेळा ऐकते. त्यांचीच यश नावाच्या मुलाची पुस्तकं थोड्या मोठ्यांना, बालवाडी ते दुसरी. त्यातलं 'हात मोडला' मी मागं एका मुलाला मुद्दाम दिलं होतं, त्याचा स्वतःचा हात प्लास्टरमध्ये होता आणि घरात बसून तो चिडचिडा झाला होता. त्याच्या आईनं नंतर सांगितलं की प्लास्टर निघेपर्यंत पुस्तक उशाशी होतं. आम्ही दोनदा मुदत वाढवून दिली. आणि 'बाबांच्या मिश्या' हे बाबा लोकांनी न्यावं, अनू नावाच्या मुलीला बाबांच्या मिश्या भयंकर आवडतात त्याची गोष्ट आहे, बाबांच्या मांडीवर बसूनच वाचायचं पुस्तक आहे ते. पुरंदरेंना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ साली बिग लिटल बुक अवॉर्ड, तोही मुलांच्या पुस्तकांसाठीचाच, तो पुरस्कार सुरूच त्या वर्षी झाला आणि लेखकाचा पहिला मान मराठीला मिळाला, याचा मला फार अभिमान वाटतो. पण पुरस्काराचं राहू द्या बाजूला, त्यांच्या चित्रातली बाई दमलेली असते तर दमलेली दिसते, स्वयंपाकघरात पसारा असतो, आणि आजी आजीसारखी बसते. आपल्या घरासारखी घरं मराठी पोरांना पुस्तकात किती कमी दिसतात!

हत्तीचं पाहिजे असेल तर 'गजपती कुलपती'. हे चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचं, लेखक-चित्रकार अशोक राजगोपालन. तुलिका एकच पुस्तक नऊ भाषांत काढते, त्यात मराठी पण आहे, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. एवढा मोठा हत्ती, स्वभावानं एकदम गरीब, त्याला सर्दी होते आणि मग शिंक येते, आणि ती शिंक म्हणजे काय साधीसुधी नाही. हे मोठ्यानं वाचायचं. म्हणजे खरंच मोठ्यानं, शिंक येणारे असं दिसायला लागल्यावर थांबायचं, पोरांकडं बघायचं, आणि मग शिंकायचं. शनिवारी चौदा पोरं एकदम शिंकली आणि शेजारच्या वृत्तपत्र विभागातले आजोबा चष्मा सरकवून बघायला आले, आणि मग तिथंच दारात उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.

तुलिकाचंच आईच्या साडीवरचं पुस्तक पण आलंय, संध्या राव यांचं, चित्रं नीना सबनानींची. त्यात साड्या खऱ्या आहेत, म्हणजे खऱ्या साड्यांचे फोटो आणि त्यावर रंगवलेली मुलं, त्यामुळं पोरं पानावरून हात फिरवतात, कापड लागतंय का बघायला. दोन वर्षांच्या बाळालाही चालेल हे.

आता एक इंग्रजी. माझ्या मावसबहिणीनं अमेरिकेहून येताना एरिक कार्लचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक वाचनालयाला भेट दिलं, १९६९ चं पुस्तक आहे ते, जगभर गाजलेलं. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, असं वाढत जातं, आणि प्रत्येक फळाला खरोखरचं भोक पाडलंय. इंग्रजी आहे म्हणून कुणी उचलत नाही. अहो, चित्र बघून आपल्या मराठीत सांगा की! मी सांगते तशीच. सोमवार-मंगळवार पाठ होतात, एक-दोन-तीन पाठ होतं, आणि भोकात बोट घालायला मिळतं, अजून काय पाहिजे. तसंच तारा बुक्सचं वारली चित्रांचं एक पुस्तक आहे, 'डू!' नावाचं, रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी केलेलं. पानापानावर फक्त क्रिया, माणसं काय काय करतायत ते. नाव इंग्रजी असलं तरी चित्रं आपल्याच राज्यातली आहेत, पोरांना विचारायचं हा काय करतोय, ती काय करतेय, आणि उत्तरं ऐकत बसायचं. पालघरकडची ही चित्रं आपण साडीवर आणि कपावर बघतो, पोरांनी ती पुस्तकात पण बघावीत असं मला मनापासून वाटतं.

बिनशब्दांच्या पुस्तकांबद्दल जरा जास्त लिहिणारे, कारण सगळ्यात जास्त परत येतात ती हीच. "ताई, यात वाचायला काहीच नाही." एका बाबांनी दुसऱ्याच दिवशी आणून दिलं परत. त्याच पुस्तकाची ही गोष्ट. आमच्याकडे एक आजी नातीला घेऊन येतात, पाच वर्षांची असेल, आई-बाबा दोघं पुण्यात कामाला, पोरगी आजीकडं. आजी चौथीतून शाळा सोडलेल्या. पहिल्या दिवशीच माझ्याशी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मला भराभर वाचायला येत न्हाई, अक्षर जुळवत बसते, तवर ही पळून जाते." मी त्यांना ते बिनशब्दांचं दिलं, बाजाराचं मोठं चित्र आहे त्यात, माणसंच माणसं, भाज्या, टोपल्या, कुत्री. पुढच्या शनिवारी आजी आल्या आणि पुस्तक परत देईनात. बाजाराच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या ही बघा ही बाई, ही माझी सासू, अशीच बसायची बाजारात वांगी घिऊन. आणि ती पोरगी लगेच पुढचं सांगायला लागली, की मग तिची वांगी एका म्हशीनं खाल्ली, मग आजीची सासू म्हशीमागं पळाली, असं. चित्रात म्हैस नव्हतीच! आठ दिवसांत दोघींनी मिळून त्या एका पानावर केवढी मोठी गोष्ट रचली होती. मी ऐकत बसले, देवघेव बंद करायची वेळ झाली तरी उठवेना. वाचता येत नाही म्हणून जी बाई मागं सरत होती तीच आता चित्र वाचून दाखवत होती. तेव्हा वाचायला काहीच नाही असं वाटलं तर पुस्तक पोराच्या हातात द्या आणि तुम्ही ऐका. पुरंदरेंचंच 'चित्रवाचन' म्हणून पुस्तक आहे, नावातच सगळं आलं, तेही मागून घ्या काऊंटरवर.

एक कळकळीची विनंती, शेवटचं पान झाल्यावर "मग यातून आपण काय शिकलो?" विचारू नका. मी बघितलंय, पोराचा चेहरा एका क्षणात बदलतो. आत्तापर्यंत हत्तीबरोबर असतं ते आणि एकदम वर्गात येऊन बसतं. गप्प बसा, ते स्वतः काहीतरी बोलेल. नाही बोललं तरी चालेल.

वाचनालयाबद्दलही थोडं बोलते, दुसऱ्या गावचे लोक पण वाचतात म्हणून. आमच्याकडं आधी चित्रपुस्तकं होतीच थोडी, पण काचेच्या कपाटात, कुलपात. फाटतील म्हणून. आणि जी बाहेर होती त्यांचं बायंडिंग केलेलं, चार-चार पातळ पुस्तकं एकत्र शिवून वर जाड काळा पुठ्ठा. हेतू चांगलाच होता, पुस्तक टिकावं, पण मुखपृष्ठ गेलं, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधे शिवणीत गिळलं गेलं, नदीच्या ह्या काठावर मुलगा आणि त्या काठावर आई असेल तर मधली नदीच गायब! आणि वाचनालयाचा गोल शिक्का. आतल्या पानावर मारायचा म्हणून मारलेला, तो बरोब्बर एका छोट्या मुलीच्या तोंडावर. एका पोरानं मला विचारलं, हिच्या तोंडाला काय झालं?

हे मी ग्रंथपाल काकांना दाखवलं. काका जुने, लायब्ररीचा कोर्स केलेले, ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचे पाच नियम त्यांना तोंडपाठ, १९३१ चं पुस्तक आहे ते. मी एवढंच म्हटलं की काका, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक असा नियम आहे ना, मग तीन वर्षांचा वाचक हा वाचक आहे की नाही? काका काही बोलले नाहीत. पण ह्या वेळच्या खोक्यातल्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का मलपृष्ठाच्या आत आहे, कोपऱ्यात, दाखल नंबर पण तिथंच. आणि बायंडिंग नाही, नुसता पारदर्शक प्लास्टिकचा कव्हर. फाटलं तर मी आणि दोन कॉलेजच्या मुली शनिवारी चिकटवतो. फाटणारच, फाटलेलं चित्रपुस्तक म्हणजे वापरलेलं चित्रपुस्तक.

अजून एक. आपल्याकडं १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्यातून अ ब क ड वर्गाच्या वाचनालयांना अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकं घेतली जातात. कुठली घ्यायची ते बघताना आमच्याकडं मागणीची वही काढतात. त्या वहीत कादंबऱ्या असतात, स्पर्धा परीक्षा असतात, अध्यात्म असतं. चित्रपुस्तक कोण लिहिणार, ज्याला पाहिजे त्याला लिहिताच येत नाही. तर ते तुम्ही लिहा. नाव, प्रकाशन, झालं. ह्या वेळी सहा आयांनी लिहिलं होतं म्हणून हा खोका आला, दुसरं काही कारण नाही.

आणि ज्यांच्या गावात वाचनालयच लांब आहे त्यांनी 'प्रथम बुक्स' प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाईट बघा, २०१५ पासून सुरू आहे, मराठी गोष्टी भरपूर, फुकट, आणि मुक्त परवान्याखाली असल्यामुळं डाउनलोड करून प्रिंट काढली तरी चालते. चार पातळ्या आहेत सोप्यापासून अवघडापर्यंत, पहिलीतल्या पोराला स्वतः वाचायचं असेल तर पहिल्या पातळीपासून घ्या. फक्त फोन पोराच्या हातात देऊन निघून जाऊ नका, शेजारी बसा, किंवा प्रिंट काढून मधे दोरा घाला. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी अशी शिवून ठेवलीत आणि पोरं ती दप्तरात घालून घरी नेतात.

बाल विभाग शनिवारी चार ते सहा. लहान मुलांची अनामत वेगळी नाही, तुमच्याच कार्डावर नेता येतं, आणि पातळ असेल तर एका वेळी दोन द्यायची असं काकांनी कालच कबूल केलंय. 'गजपती कुलपती' सध्या बाहेर आहे, बुधवारी येईल परत, पाहिजे असेल तर नाव सांगून ठेवा, आत्ताच तीन नंबर लागलेत. बाजाराचं पुस्तक मात्र विचारू नका, ते आजींनी तिसऱ्यांदा मुदत वाढवून नेलंय.