तुम्ही विचारलंत म्हणून: बोसनची लेआ

घरी कुणी आलं आणि तेव्हा स्पीकरवर लेआ सालोंगा गात असली, की प्रश्न ठरलेला. "तुम्ही कोकणातले, नमन-खेळे बघत वाढलात, उभा जन्म इंजिन रूममध्ये गेला; ही फिलिपिनो नाटकातली बाई तुम्हांला कुठे भेटली?" आणि चहा येईपर्यंत दुसरा: "ती डिस्नेवालीच ना?" दोन्हींची उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

भेटली बोटीवर. २००३ साली मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या बोटीवर, फोर्थ इंजिनीअर होतो. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, ऑफिसर बहुतेक आपले आणि खलाशी झाडून सगळे फिलिपिनो. पनामा देश मी आजवर कालव्यापुरताच पाहिलाय, पण कागदोपत्री नऊ महिने मी पनामाच्या जहाजावरचा माणूस होतो.

शनिवारी रात्री खलाशांच्या मेसमध्ये कराओके चाले. कुकचं सिनिगांग, म्हणजे आमच्या चिंचेच्या साराची चुलत बहीण, त्याचा आंबट वास अजून हवेत असायचा आणि टीव्हीला मशीन जोडलं जायचं. गाणं संपलं की मशीन तुतारी फुंकून शंभरपैकी मार्क देई. मला एकदा ६२ मिळाले तेव्हा कुकनं मशीन बिघडलंय असं म्हणून माझी अब्रू राखली. बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, नव्वदीच्या खाली कधी पाहिलं नाही. पन्नाशीचा गडी, दोरखंड ओढून तळहात चामड्यासारखे झालेले. तो 'ला मिझेराब्ल' या म्युझिकलमधलं, म्हणजे गाण्यांच्या नाटकातलं, एपोनीन नावाच्या पोरीचं गाणं एक सप्तक खाली उतरवून म्हणायचा, डोळे मिटून. हे मूळ कुणाचं, असं मी विचारलं. मशीनच्या कव्हरवरचं नाव वाचून मीच म्हणालो, "ली सालोंगा?" त्यानं माईक खाली ठेवला. "ली नाही, फोर्थ. ले-आ."

मग पुढचे कितीतरी शनिवार तिची गोष्ट हप्त्याहप्त्यानं ऐकली. बाकीचं मी नंतर शोधून वाचलं.

लेआचा जन्म १९७१ चा, मनिलातला. सातव्या वर्षी, १९७८ मध्ये, ती 'रेपर्टरी फिलिपीन्स' या मंडळीच्या 'द किंग अँड आय'मध्ये स्टेजवर उभी राहिली. दोन वर्षांनी 'ॲनी'त मुख्य भूमिका. दहाव्या वर्षी पहिला अल्बम. आणि एवढं होऊनही घरच्यांचा आणि तिचा बेत डॉक्टरकीचा होता. अटेनियो द मनिला विद्यापीठात ती त्याच वाटेवर होती. १९८८ मध्ये 'मिस सायगॉन' या नव्या म्युझिकलचे निर्माते त्याच्या नायिकेच्या, किमच्या, शोधात मनिलात येऊन थडकले तेव्हा ती सतरा वर्षांची.

ते मनिलात का आले, हा खरा प्रश्न आहे. लंडनमध्ये त्यांना हव्या तेवढ्या आशियाई चेहऱ्याच्या, म्युझिकलमध्ये मुरलेल्या गायिका मिळेनात. मनिलात त्या होत्या, आणि योगायोगानं नव्हे. स्पॅनिश लोकांनी तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं आणि चर्चबरोबर 'सारसुएला' हे गाण्यांचं नाटक आणलं. फिलिपिनोंनी ते तागालोग भाषेत आपलं करून टाकलं. त्यातली सम्राज्ञी आतांग दे ला रामा. ती मोठ्या थिएटरांत गायची तशी गावच्या चौकांत आणि कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यांतही गायची. (सिंधुदुर्गातल्या वाचकांना हा आखाडा वेगळा समजावून सांगायला नको.) स्पॅनिश गेले, अमेरिकन आले, त्यांनी शाळेत इंग्रजी आणलं. तेव्हा ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकवस्तीची, गाणी इंग्रजीत, मान न अवघडता म्हणणारी पिढी तिथे आयती तयार होती. बोसन त्यातलाच.

त्या ऑडिशनचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. पोरगी पियानोशेजारी उभी राहते आणि तेच गाते, एपोनीनचं. मग तिला नव्या नाटकातलं, जगानं अजून न ऐकलेलं गाणं शिकवतात आणि ती ते तिथल्या तिथे उचलते. मला त्यात आवाजापेक्षा शब्द ऐकू येतात. एकही अक्षर गिळलेलं नाही, ओळीच्या शेवटचं व्यंजनसुद्धा पोचतं. आपल्या नाट्यसंगीतात गायक समेवर आला की आपण 'वन्स मोअर' देतो आणि नाटक बापडं विंगेत वाट बघत उभं राहतं. मला ते प्रिय आहे, पण इथला हिशेब उलटा. गाणं थांबलं तर गोष्ट मेली. लेआ गाताना गोष्ट पुढे सरकते, हे तिचं कसब.

'मिस सायगॉन' २० सप्टेंबर १९८९ ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात उघडलं. आठवड्याला आठ प्रयोग. किमची भूमिका इतकी दमवणारी की काही प्रयोग दुसऱ्या मुलीनं करायचे, अशी सोय होती. लंडनमधली ती दुसरी मुलगीही मनिलाचीच, मोनिक विल्सन. लेआला लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कला जायची वेळ आली तेव्हा मात्र गोंधळ. जोनाथन प्राइस या गोऱ्या नटानं लंडनमध्ये डोळे-कातडी रंगवून अर्धा व्हिएतनामी माणूस केला होता, त्यावर अमेरिकन नटांची युनियन भडकली, मग नमली. त्याच युनियननं लेआलाही हरकत घेतली: आशियाई वंशाची अमेरिकन मुलगी का नको? प्रकरण लवादाकडे गेलं, निकाल लेआच्या बाजूनं लागला. ११ एप्रिल १९९१ ला ब्रॉडवे थिएटरात पडदा उघडला आणि जूनमध्ये तिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. अभिनेत्रींत तो मिळवणारी पहिली आशियाई. पुढच्याच महिन्यात मनिलात आतांग दे ला रामा वारली. हे दोन्ही एका वर्षात घडलं हे मला फार उशिरा कळलं.

नाटकाची गोष्ट मला आजही पटत नाही. व्हिएतनामी मुलगी बारमध्ये, अमेरिकन शिपाई, मूल, आणि ते मूल अमेरिकेला जावं म्हणून तिनं स्वतःवर गोळी झाडायची. बोसनला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पोरासाठी बाहेर पाठवणं तुम्हांला नाटक वाटतं?" त्याची तीन पोरं फिलिपीन्समध्ये, इलोइलोला होती. मी विषय बदलला.

आता डिस्नेचं. हो, ती तीच. 'अलादीन'मध्ये (१९९२) जास्मिनचा आणि 'मुलान'मध्ये (१९९८) मुलानचा गाण्याचा आवाज तिचा. संवाद दुसऱ्या नट्यांचे. पण माझ्या लेखी टोनीहून मोठी गोष्ट १९९३ ची. त्या वर्षी ती ब्रॉडवेवर एपोनीन झाली. एपोनीन फ्रेंच पोरगी. तिला आशियाई चेहरा लागत नाही. तोवर ब्रॉडवेवर ती भूमिका कुणा आशियाई नटीला दिली गेली नव्हती. किमसाठी तिची गरज होती म्हणून घेतलं. इथे गरज नसताना घेतलं. पुढे २००७ मध्ये त्याच नाटकात फाँतिनची भूमिका.

एक गोष्ट मला बोसननंच दाखवली, बोटं मोडत. किम व्हिएतनामी. जास्मिन अरबी. मुलान चिनी. २००२ चं 'फ्लॉवर ड्रम साँग', तेही चिनी. पुढची बोटं मी घरी बसून मोडली: एपोनीन-फाँतिन फ्रेंच, २०१५ च्या 'अलीजन्स'मध्ये जपानी-अमेरिकन, २०१७ मध्ये कॅरिबियन बेटावरची प्रेमाची देवता. अवघ्या जगाच्या लेकी-सुना करून झाल्या. तो म्हणाला होता, "झेंडा नेहमी दुसऱ्याचा." आणि डोळा मारून छताकडे, म्हणजे वर फडकणाऱ्या पनामाकडे, बोट दाखवलं होतं.

२०२३ साली ब्रॉडवेवर 'हिअर लाइज लव्ह' आलं, फिलिपीन्सचा हुकूमशहा मार्कोस याची बायको इमेल्डा हिच्यावरचं. नटसंच पूर्ण फिलिपिनो, ब्रॉडवेवर पहिल्यांदाच. लेआ निर्मात्यांपैकी एक, आणि काही आठवडे तिनं अरोरा अक्विनोचं काम केलं: मनिला विमानतळावर २१ ऑगस्ट १९८३ ला गोळी घातलेल्या, मार्कोसविरोधी नेता निनॉय अक्विनोची आई. ती गोळी झाडली गेली तेव्हा लेआ स्वतः मनिलात बारा वर्षांची होती. आणि थिएटर कोणतं? तेच, ब्रॉडवे थिएटर, जिथे बत्तीस वर्षांपूर्वी ती किम होऊन मेली होती. नाटक नोव्हेंबरात बंद पडलं, फार चाललं नाही.

मी बोसनला मेसेज केला. तो आता इलोइलोला असतो, गुडघे गेलेत. बातमी त्याला आधीच ठाऊक होती. त्यानं एवढंच विचारलं, "गाणी कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत," मी लिहिलं.

दोन दिवस काही नाही. मग एक व्हिडिओ आला. नात गातेय, आठेक वर्षांची, माईक दोन्ही हातांनी धरून. गाणं तागालोग, मला शब्द कळला नाही. शेवटी तीच ओळखीची तुतारी, पडद्यावर ९४, आणि मागून त्याचा आवाज: "फोर्थ, तुमचे किती होते?"