ड्रॅग कारचं काम: मागचे ॲक्सल ठरले, ३५ स्प्लाइन

आमच्या ड्रॅग कारचं (सरळ, छोट्या अंतराच्या शर्यतीच्या गाडीचं) इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर आहेत, आता पाळी मागच्या ॲक्सलची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यांची. इथे हॉर्सपॉवरचा आकडा बाजूला ठेवावा. ॲक्सलला किती पीळ सोसावा लागणार हे टायरची पकड ठरवते. पकड सुटली की टायर घसरतो आणि पीळ त्यापुढे वाढत नाही.

आमचं गणित असं: गाडी चालकासकट १५०० किलो, स्लिक (खाचा नसलेले रेसिंगचे टायर) २८ इंची. सुटताना सगळं वजन मागे आलं आणि घर्षणांक २ धरला, तर दोन्ही चाकांवर मिळून सुमारे १०,५०० न्यूटन-मीटर पीळ. कागदावर प्रत्येक ॲक्सलच्या वाट्याला निम्मा. पण डिफरन्शियलच्या जागी बसवलेला स्पूल दोन्ही ॲक्सल जखडून ठेवतो, त्यामुळे एक चाक हलकं झालं की जवळजवळ सगळा भार दुसऱ्यावर जातो. म्हणून पूर्ण आकडाच धरला.

पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. स्प्लाइन म्हणजे ॲक्सलच्या टोकावरचे उभे दाते. ३१ स्प्लाइनचा बाहेरचा व्यास १.३३३ इंच, ३५ चा १.५. फरक दिसायला किरकोळ, ताकद मात्र ४२ टक्क्यांनी जास्त. मग ४० स्प्लाइन का नाही? बेअरिंग स्प्लाइनवरून सरकवूनच आत न्यावं लागतं. ३५ स्प्लाइनवरून १.५६२ इंच भोकाचं बेअरिंग जातं. ४० चा व्यासच १.७०८, म्हणजे बेअरिंग, हाउसिंगची (ॲक्सलभोवतीच्या नळ्यांची) टोकं, स्पूल सगळंच बदलायचं. एवढ्या वजनाच्या गाडीला त्याची गरज नाही.

धातू ४३४० जातीचं पोलाद, आरपार कडक केलेलं. इंडक्शनने (विजेच्या तापाने) कडक केलेला १५४१ पोलादाचा ॲक्सल रस्त्यावरच्या गाडीला उत्तम, पण त्याची फक्त साल कडक असते, गाभा मऊ राहतो. ३००एम जातीचं पोलाद आणखी ताकदवान आहे, पण ओरखडा किंवा गंजाचा ठिपका पडला की तिथूनच तडा सुरू होतो. त्याला पक्कड किंवा व्हाइसचे दात लावूच नयेत. वजन कमी करायचं तर आरपार पोकळ ॲक्सल मिळतात. भोक व्यासाच्या निम्मं असेल तर दांड्याचं वजन २५ टक्के घटतं आणि ताकद जेमतेम ६ टक्के. हा सौदा आम्हाला फार आवडतो.

सी-क्लिपवर (ॲक्सलच्या आतल्या टोकाला बसणाऱ्या सी आकाराच्या कडीवर) ॲक्सल अडकवू नका. दांडा तुटला तर चाकासकट बाहेर येतो. ९ इंची फोर्ड डिफरन्शियलच्या हाउसिंगमध्ये बेअरिंग बाहेरून प्लेटने धरलेलं असतं, त्यामुळे आत तुटलं तरी चाक जागेवर राहतं. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला आफ्टरमार्केट (मूळ कंपनीचे नसलेले) ॲक्सल आणि ते अडवून धरणारी व्यवस्था सक्तीची आहे.

ॲक्सलच्या लांबीचं माप हाउसिंगच्या वेल्डिंगनंतरच घ्यायचं. ब्रॅकेट जोडताना हाउसिंगच्या नळ्या वाकतात, म्हणून अलाइनमेंट बार घालून आधी सरळ करून घ्याव्यात. वाकड्या नळीत ॲक्सल दर फेऱ्याला लवतो आणि शेवटी बेअरिंगजवळ तुटतो. दोष उगाच धातूला जातो. ९ इंचीत पिनियन (इंजिनाकडची फिरकी आत आणणारं छोटं दातेरी चाक) मध्यभागी नसतो, तेव्हा दोन्ही बाजू स्वतंत्र मोजायच्या. स्प्लाइन स्पूलमध्ये पूर्ण लांबीभर बसल्या पाहिजेत. चाकाचे स्टड ५/८ इंची घेतले.

बसवण्याआधी फ्लँजपासून (चाक बसतं त्या तबकडीपासून) स्प्लाइनपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक सरळ रेघ ओढली आहे. पहिल्या १० लाँचनंतर ॲक्सल बाहेर काढून पट्टी लावून बघायची. रेघ स्प्लाइनच्या तोंडाशी जराशी जरी तिरकी झाली असेल, तर दांड्यात पीळ कायमचा बसला. तो ॲक्सल परत आत जात नाही.