लातूर-परभणीच्या लेकरांनो, कॅनडाचा जानेवारी असा काढा

परभणीत पारा सहा अंशांवर आला की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, कपाटातल्या कानटोप्या बाहेर निघतात. ही थंडी काही खोटी नसते. पण विनिपेगला जानेवारीतली अगदी साधी पहाट उणे २१ अंशांच्या आसपास असते. आपली सहा अंशांची पहाट आणि तेहतीस अंशांची दुपार यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच अंतर आपल्या पहाटेतून तिथल्या पहाटेत जाताना खाली उतरावं लागतं. "लेकराला थंडीची सवय आहे" असं म्हणून निर्धास्त राहू नका, ते एवढ्यासाठीच.

आधी शहर कोणतं ते विचारा, कारण सगळा कॅनडा सारखा नाही. व्हँकुव्हरला बर्फ थोडा आणि पाऊस जास्त. टोरांटोचा जानेवारी सरासरी उणे चारच्या आसपास राहतो, पण तिथे तळ्यावरचा वारा बोचतो. माँट्रियलला हंगामात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. विनिपेग, रेजायना, सॅस्काटून, एडमंटन ही मात्र खऱ्या कडाक्याची गावं. कॅलगरीतही कडाका असतो, पण मधूनच 'चिनूक' नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो आणि काही तासांत पारा वीस अंशही वर चढू शकतो. शहर कळल्याशिवाय खरेदीची यादी करू नका.

हवामानाच्या अंदाजात दोन आकडे दिसतील. एक तापमानाचा, दुसरा 'विंड चिल'चा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला किती गार वाटेल त्याचा. डिसेंबरच्या सकाळी लातूरहून औशाला मोटारसायकलवर निघालं की घराच्या वसरीत जाणवत नव्हती ती थंडी हाताला झोंबते. हे तेच आहे. शरीराभोवती उबेचा पातळ थर असतो, तो वारा ओढून नेतो. उणे २० तापमान आणि ताशी २० किलोमीटर वारा असला की विंड चिल उणे ३० होतो. उणे ३० आणि ताशी ३० किलोमीटरला तो उणे ४६. उणे २८च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४०च्या खाली ५ ते १० मिनिटं पुरतात, आणि उणे ४८च्या खाली २ ते ५. बसस्टॉपवर किती वेळ उभं राहायचं ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरवा.

आता कपडे. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

आपल्याकडे सुती कपड्याला तोड नाही, कारण तो घाम पितो. वैशाखात हा त्याचा गुण आहे. उणे वीसमध्ये हाच गुण जिवावर येतो, कारण प्यालेला घाम तो सोडत नाही. ओलं बनियन अंगाला चिकटून राहतं आणि वरचं जॅकेट कितीही महाग असलं तरी आतून हुडहुडी भरते. म्हणून अंगालगतचा थर मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरच्या थर्मलचा हवा. सुती बनियन त्याच्या आतसुद्धा नको. दुसरा थर फ्लीसचा किंवा लोकरीच्या स्वेटरचा. तिसरा वारा अडवणारं, मांडीपर्यंत येणारं, टोपी जोडलेलं जॅकेट. चेनवर कापडाची पट्टी असलेलं घ्या, नाहीतर चेनच्या फटीतून वारा आत येतो.

थर सैल असू द्या. वाकळ उबदार का असते? जुन्या लुगड्यांच्या घड्यांमध्ये हवा अडकून बसते म्हणून. जॅकेटचंही तेच. आत दोन स्वेटर कोंबून ते आवळलं की हवेला जागा उरत नाही आणि पैसे वाया जातात. खालच्या अंगाला थर्मल आणि वर पँट. फक्त जीन्स घालून उणे पंधरात फिरू नका, जीन्सही सुतीच.

नवीन माणसाची ठरलेली चूक अशी: सगळं अंगावर चढवायचं, बस चुकेल म्हणून भराभर चालायचं, घामाघूम होऊन वीस अंशांच्या गरम बसमध्ये चेन न उघडता बसायचं आणि उतरल्यावर पुन्हा उणे वीसमध्ये दहा मिनिटं थांबायचं. घरातून निघताना थोडं गार वाटलं तरी चालेल, पाच मिनिटं चाललं की अंग तापतं. बसमध्ये शिरताच चेन उघडा, टोपी काढा. थंडीपासून वाचायचं म्हणजे निम्मं काम घामापासून वाचायचं.

इथून काय न्यावं? थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरीचे चार-पाच जोड मोजे आणि माकडटोपी. माकडटोपी कपाळ, कान, गाल, हनुवटी सगळं झाकते, आणि जॅकेटची टोपी वरून ओढली की तिच्या विणीतून वाराही शिरत नाही. मोठं जॅकेट आणि बूट मात्र तिथेच घ्या. आपल्याकडे हिल-स्टेशनसाठी मिळणारी जॅकेटं शून्याच्या आसपासपर्यंतच पुरतात. तिथे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत चांगली जॅकेटं कमी पैशांत मिळतात, ऑक्टोबरात गेलात तर निवडायला भरपूर असतात. जानेवारीच्या प्रवेशासाठी जाणाऱ्यांनी एक पाळावंच: इथून नेलेलं सगळ्यात जाड जॅकेट, टोपी आणि हातमोजे विमानात जवळच्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तर विमानतळाच्या दारातून गाडीपर्यंत स्वेटरवर जावं लागेल.

हातांसाठी पाच बोटांचे नव्हे, चार बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात. फोन वापरायला आत एक पातळ हातमोजा घाला. बूट अर्धा ते एक नंबर मोठा, जाड लोकरी मोजा घालून बोटं हलतील एवढा. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केला की रक्त पुढे जात नाही आणि पाय आणखी गार पडतात. आतलं अस्तर निघणारे बूट मिळाले तर उत्तम. रोज रात्री अस्तर काढून खोलीतल्या गरम हवेच्या जाळीपाशी वाळत घाला, दिवसभराचा घाम त्यातच जिरलेला असतो.

लेकी-सुनांसाठी मुद्दाम: धातू ऊब झपाट्याने ओढून घेतो. लांब वेळ बाहेर थांबायचं असेल तर कानातले, नथ, चमकी काढून ठेवा किंवा पूर्ण झाकून घ्या. कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा आधी गोठतो. जोडवीही घट्ट बुटात रक्त अडवतात, हिवाळ्यापुरती ती काढलेली बरी. आणि सकाळी न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर पडू नका. उणे वीसमध्ये केसांच्या बटा काही मिनिटांत काडीसारख्या ताठ होतात. डोकं रात्री धुवा.

बरेच विद्यार्थी तळघरातल्या खोल्यांत राहतात. खोली घेताना भाड्याआधी विचारा: धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, तो चालू आहे का? घर तापवणारं फर्नेस बहुधा नैसर्गिक वायूवर चालतं. नव्या फर्नेसचे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप घराच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर निघतात. मोठं बर्फ पडलं, किंवा कुणी फावड्याने बर्फ तिथेच लोटलं, तर ते बुजतात. मग फर्नेस बंद पडतं, किंवा विषारी वायू घरात साचू शकतो. या वायूला वास नाही. प्रत्येक वादळानंतर बाहेर जाऊन पाइपांभोवतीचं बर्फ हाताने बाजूला करा. तळघराच्या खिडकीपुढचा खड्डाही मोकळा ठेवा, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी कॅनडाला जाणाऱ्या आयांना हात जोडून सांगणं आहे. शेक-शेगडी आपली जुनी रीत आहे, पण ती कौलारू किंवा पत्र्याच्या, फटी असलेल्या घरातली. कॅनडातली घरं ऊब बाहेर जाऊ नये म्हणून सीलबंद बांधलेली असतात. अशा खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी ठेवली तर बाळ आणि बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतू शकतं. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीचा, तोही कपड्यात गुंडाळून, आणि फक्त बाळंतिणीला. बाळाची खोली फर्नेसने तापवायची.

घराचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट दिवसा २० ते २१ आणि रात्री १७-१८ पुरतो. गरम हवेच्या जाळीवर पलंग किंवा गादी येऊ देऊ नका. फर्नेसचा पातळ फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागतो. तो धुळीने भरला की हवा कमी येते, बिल वाढतं. वेगळा हीटर लावलात तर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. १५०० वॉटचा हीटर एक्स्टेन्शनवर लावला की वायर तापते. अंथरूण-पडदे त्याच्यापासून मीटरभर लांब ठेवा.

घरातली हवा फार कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावताना आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, बाहेर उणे वीसच्या खाली गेलं की आणखी कमी. काचेवर पाणी ओघळायला लागलं की ती जास्त झाली समजा, पुढे चौकटीला बुरशी धरते. अंगणातल्या नळाचा आतला कॉक ऑक्टोबरातच बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवा. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फोडतं. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर कडाक्याच्या रात्री खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा.

बर्फ उपसणं हे अंगमेहनतीचं काम आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात जोर लावला की हृदयावर ताण येतो. बीपी-शुगरवाल्यांनी, साठी ओलांडलेल्या पाहुण्या आईवडिलांनी फावड्याला हात लावू नये. इतरांनी बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावं, आणि पंधरा सेंटीमीटर साचण्याची वाट न बघता पाच-पाच सेंटीमीटरला साफ करावं. ताजं बर्फ कापसासारखं हलकं, ओलं झालं की चिखलासारखं जड. साधं मीठ उणे दहापर्यंतच बर्फ वितळवतं. त्याखाली मीठ ओतत राहू नका, वाळू टाका, निदान पाय घसरत नाही. घरासमोरचा फूटपाथ किती तासांत मोकळा करायचा याचा नियम शहराशहरात वेगळा आहे, कॅलगरीत बर्फ थांबल्यापासून २४ तास. भाडेकरारात हे काम कुणाचं ते लिहून घ्या.

गाडी घेतलीच तर हिवाळी टायर घ्या, बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमफुलाचं चिन्ह असलेले. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सुटते. क्यूबेक प्रांतात (माँट्रियल त्यातच) १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. प्रेअरीतल्या, म्हणजे विनिपेग-एडमंटनकडच्या सपाट मुलखातल्या, गाड्यांच्या तोंडाशी लोंबणारी प्लगची वायर दिसेल, ती ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची. उणे पंधरा-वीसच्या खाली निघण्याआधी दोन ते चार तास ती प्लगला लावायची. रात्रभर लावून वीज जाळण्यापेक्षा टायमर वापरा. गाडी काढताना वायर सोडवायला विसरू नका. इंजिनच्या रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की उणे ३५च्या थोडं खालपर्यंत गोठत नाही. काच धुवायचं पाणी उणे ४०पर्यंत न गोठणारं भरा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच तडकते.

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. हायवेवर गाडी अडकली तर सोडून चालत जाऊ नका. आधी धुराड्याभोवतीचं बर्फ काढा, मग तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवा, आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. डिकीत फावडं, ब्लँकेट, वाळूची पिशवी, जंपर केबल आणि शेंगदाण्याचे लाडू असू द्या.

नाक, गाल किंवा बोट आधी झोंबतं, मग पांढुरकं आणि बधिर होतं. झोंबणं थांबलं म्हणजे बरं वाटलं, असं समजू नका. कातडी गोठायला लागल्याची ती खूण आहे. अशा वेळी तेल लावून चोळू नका, शेकोटीशीही धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. घरात येऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, म्हणजे बाळाच्या अंघोळीचं पाणी, कोपर घालून बघतो ते. माणूस थरथरायचं थांबला, जीभ जड झाली, वेड्यासारखं बोलायला लागला तर लगेच ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा.

डिसेंबरात एडमंटनला साडेसात तासच उजेड असतो, आपल्याकडे जवळपास अकरा. दुपारच्या उन्हात अर्धा तास तरी बाहेर चाला, आणि ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारा. कडाक्यात फोनची बॅटरी ४० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडू शकतो. तो जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवा, आणि त्याच खिशात घराचा पत्ता व घरमालकाचा नंबर कागदावर लिहून ठेवा.